बसायचं कुठे?

मराठी माणूस काम किती करतो, कसे करतो आणि मुळात करतो की नाही, याबद्दल मतभेद होऊ शकतील. पण काम करण्याआधी तो बसतो, याबद्दल दुमत नाही. आपण अभ्यासाला बसतो, हिशेबाला बसतो, पूजेला बसतो, परीक्षेला बसतो आणि अगदीच कोणी ऐकेनासे झाले तर उपोषणालाही बसतो. आपला जम बसतो, घडी बसते, विश्वास बसतो. राजाला गादी, मंत्र्याला खुर्ची, ऋषीला आसन, नवऱ्या मुलाला पाट आणि सत्यनारायणाला चौरंग. ज्याला यातले काहीच मिळत नाही तो मग नुसताच हात चोळत बसतो.

ज्या भाषेचा असा मुळापासून बसण्यावर भर, ती बोलणाऱ्या समाजाने ‘घरी बसून काम करणे’ हा प्रकार २०२० साली नव्याने ऐकल्यासारखा चेहरा करावा, याचे मला नवल वाटते. त्या वर्षीच्या मार्चअखेर टाळेबंदी लागली, कचेऱ्यांना कुलपे पडली आणि जो तो सांगू लागला, “आता घरूनच काम!” जसा काही वाफेच्या इंजिनानंतरचा मोठा शोध. वास्तविक घरी काम करणे हीच जुनी रीत. सोनाराची बागेसरी घरात, कोष्ट्याचा माग घरात, वैद्याचा खल घरात, जोशीबुवांचे पंचांग घरात आणि सावकाराची तर गादीच घरात. सकाळी उठून, डबा घेऊन, लोकलला लोंबकळत दुसऱ्याच्या इमारतीत बसायला जायचे, हा उपद्व्याप अलीकडचा.

मोठमोठ्या कारभाऱ्यांचेसुद्धा तेच. वाईजवळ मेणवलीला नाना फडणीसांचा वाडा आहे. नानांच्या संग्रहातले कागद इतिहासाच्या अभ्यासकांना ‘मेणवली दफ्तर’ म्हणून ठाऊक आहेत. म्हणजे वाडाही नानांचा आणि दफ्तरही नानांचेच.

या ‘दफ्तर’ शब्दाची हकिकत मोठी गमतीची आहे. तो आपल्याकडे फारसीतून आला. पण त्याचे मूळ ग्रीक भाषेत, आणि तिथे त्याचा अर्थ ‘कातडे’ असा आहे. पूर्वी कातड्यावर लिहीत, म्हणून कातड्याचे झाले कागद, कागदांची झाली कचेरी, आणि शेवटी ती कचेरी पोरांच्या पाठीवर चढली. फ्रेंचांच्या ‘ब्यूरो’चा प्रवास असाच. आधी तो मेजावर अंथरायच्या जाड कापडाचा शब्द, मग त्या मेजाचा आणि मग ते मेज ज्या खोलीत असेल त्या खोलीचा, म्हणजे कचेरीचा. इकडे कातडे, तिकडे कापड. कचेरी म्हणजे दगडी इमारत, पाटी आणि दारात शिपाई, हे सगळे मागाहून आले. मुळात लिहिण्यापुरती जागा जिथे असेल ती कचेरी.

आमच्या आजोबांची लिहिण्यापुरती जागा मी लहानपणी पाहिली आहे. ते गावातल्या एका दुकानाची कीर्द-खतावणी घरी बसून लिहीत. भिंतीला लोड, खाली गादी, तिच्यावर पांढरी चादर आणि पुढ्यात उतरत्या झाकणाचे लाकडी डेस्क. झाकणाखाली दौत, टाक, किल्ल्यांचा जुडगा आणि आम्हा नातवंडांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची अशी खडीसाखरेची डबी. या डेस्काचा उतार उगीच नसे. कागद तेवढाच उचलून डोळ्यांकडे येई आणि मान कमी वाकवावी लागे. शिवाय या बैठकीला ठरलेले असे आसन नव्हते. आजोबा घटकाभर मांडी घालत, घटकाभर एक गुडघा उभा करत, मग लोडाला टेकत आणि बेरीज चुकली की सरळ आडवे होत. एका बैठकीत दहा बैठका! हल्लीचे तज्ज्ञ पैसे घेऊन सांगतात की, फार वेळ एकाच ढंगात बसू नका. आजोबांना ते फुकट ठाऊक होते. त्यांच्या गुडघ्यांचे पुढे काय झाले ते मात्र खतावणीत नोंदलेले नाही. ती बाजू आमच्या आजीच्या तेलाच्या वाटीत जमा होती.

इंग्रज आले आणि त्यांनी कारकुनाला जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवले. आपल्याला वाटले, बढती झाली. पण खुर्ची ही बसायची वस्तू आहे असे ज्यांना वाटते त्यांनी सरकारी कचेरी पाहिलेली नाही. मी एकतीस वर्षे पाहिली. तिथे खुर्ची हे हुद्द्याचे मोजमाप होते. शिपायाला स्टूल. कारकुनाला बिनहाताची लाकडी खुर्ची. हेडक्लार्क झाला की खुर्चीला हात फुटत. त्याच्यावर गेला की वेताची पाठ. आणखी वर गेला की खुर्ची गोल फिरू लागे, आणि साहेब झाला की तिच्या पाठीवर पांढरा टर्किश टॉवेल येई. तो टॉवेल कोणी कधी अंग पुसायला वापरलेला मी पाहिला नाही. तो फक्त असायचा, देवळावर ध्वज असतो तसा. यात मौज अशी की, दिवसाचे आठ तास ज्याने मान मोडून लिहायचे त्याची खुर्ची सर्वांत वाईट, आणि जो दिवसातून चार सह्या करून मीटिंगला निघून जायचा त्याची सर्वांत मऊ. मणके मात्र परमेश्वराने शिपायापासून साहेबापर्यंत सर्वांना तेहतीसच दिलेले.

म्हणून मी म्हणतो, बसायची जागा हा पाठीचा प्रश्न होण्याच्या आधी मानाचा प्रश्न असतो. आणि तो नेहमी हसण्यावारी नेण्यासारखा नसतो. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी होता. त्याला वर्गात इतर मुलांबरोबर बसता येत नसे. कोपऱ्यात, एकट्याने, गोणपाटाच्या तुकड्यावर बसायचे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून रोज संध्याकाळी ते घरी न्यायचे आणि सकाळी पुन्हा घेऊन यायचे. हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे, १९३० च्या दशकात, याच माणसाने दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले, तेही मुख्यतः आपल्या ग्रंथांना आणि स्वतःच्या लिहिण्यावाचण्याला ऐसपैस जागा हवी म्हणून. गोणपाट ते राजगृह हा प्रवास ज्याला कळला, त्याला बसायची जागा म्हणजे काय हे निराळे सांगायला नको.

आता पाठीकडे वळू.

बसून काम केल्याने माणूस आजारी पडतो, ही गोष्ट पहिल्यांदा नीट लिहून ठेवली ती बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने. कामकऱ्यांच्या रोगांवरचा त्याचा ग्रंथ १७०० साली मोदेनात निघाला. त्याचे म्हणणे असे की, वैद्याने रोग्याला जे प्रश्न विचारायचे असतात त्यांत आणखी एक घालावा : ‘तू काम काय करतोस?’ इतका साधा प्रश्न. पण तोवर ग्रंथात घालायचे सुचले नव्हते. १७१३ च्या आवृत्तीत त्याने कारकुनांवरही प्रकरण घातले आणि आमच्या जमातीच्या दुखण्याची तीन कारणे दिली : एक, सतत बसणे, दोन, हाताची तीच ती हालचाल, आणि तीन, चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. तीनशे वर्षे झाली, यात चौथे कारण घालायची मला तरी गरज दिसत नाही. त्याने एका दस्त लिहिणाऱ्याची गोष्ट दिली आहे. जन्मभर लिहून लिहून त्याचा उजवा हात निकामी झाला. गडी जिद्दीचा, तो डाव्या हाताने लिहायला शिकला. थोड्याच दिवसांत डावाही त्याच वाटेने गेला. महात्मा गांधी या बाबतीत नशीबवान म्हणायचे. १९०९ साली लंडनहून दक्षिण आफ्रिकेला जाताना त्यांनी ‘किल्डोनन कॅसल’ बोटीवर दहा दिवसांत ‘हिंद स्वराज’ लिहिले. उजवा हात दमला की डाव्याने लिहीत. सुमारे चाळीस पाने डाव्या हाताची आहेत. पण महात्म्यांचे सोडा. साध्या कारकुनाला डाव्या हाताने कमावलेले तेवढे ठाऊक असते.

पुढे १८५७ साली, म्हणजे आपल्याकडे निराळीच धामधूम चालू असताना, पोलंडमध्ये वोयचेख यास्त्शेंबोव्स्की नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाने या विषयाला नाव दिले : ‘अर्गोनॉमिक्स’. (त्याचे स्वतःचे नाव एका दमात उच्चारता आले तर जबड्याचा व्यायाम झाला असे समजावे.) ‘अर्गॉन’ म्हणजे काम, ‘नोमोस’ म्हणजे नियम, दोन्ही शब्द ग्रीक. नाव झाले आणि लोक ते विसरले. १९४९ साली इंग्लंडातल्या शास्त्रज्ञांनी ते पुन्हा चालू केले. मधल्या काळात महायुद्ध होऊन गेले होते आणि एक शहाणपण पदरात पडले होते. अमेरिकेच्या बी-१७ जातीच्या बाँबफेकी विमानांत चाकांची आणि पंखांवरच्या झडपांची कळ शेजारीशेजारी आणि अगदी सारखी असे. दमूनभागून उतरलेले वैमानिक झडपा मिटण्याऐवजी चाके मिटत आणि विमान धावपट्टीवर पोटावर बसे. सगळे म्हणत, वैमानिक बेसावध. अल्फॉन्स चापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने मात्र वैमानिकाला सोडले आणि कळीला धरले. त्याने चाकांच्या कळीला चाकासारखी मूठ बसवली आणि झडपांच्या कळीला पाचरीसारखी. नुसत्या हाताला कळू लागले आणि घोटाळा मिटला. या शास्त्राचे सगळे सार एवढेच. माणूस चुकत असेल, दुखत असेल, वाकडा होत असेल, तर आधी माणसाला दटावू नका, वस्तूकडे बघा.

हे शास्त्र न वाचता घरच्या घरी आचरणारा थोर पुरुष म्हणजे चार्ल्स डार्विन. लंडनजवळच्या डाऊन गावी हा माणूस १८४२ पासून १८८२ पर्यंत, मरेपर्यंत, चाळीस वर्षे घरूनच काम करत होता. प्रकृती तोळामासा. त्याने आपल्या आरामखुर्चीला चाके बसवून घेतली, म्हणजे एका टेबलावरच्या नमुन्यांकडून दुसऱ्याकडे बसल्याबसल्या जाता यावे. खुर्चीच्या दोन हातांवर एक फळी आडवी टाकायची आणि तिच्यावर लिहायचे. आणि रोज न चुकता उठून घरामागच्या पायवाटेवर फेऱ्या घालायच्या. चाके, फळी आणि फेऱ्या. एवढ्या सामानावर त्याने माणसाची वंशावळ माकडाच्या जवळ नेऊन ठेवली. आमच्या कचेरीत फिरत्या खुर्च्यांवरून पुष्कळांनी तोच प्रवास उलट दिशेने केला.

१९७३ साली अमेरिकेत जॅक नाइल्स या गृहस्थाने कामगाराला कचेरीत आणण्याऐवजी काम तारेवरून कामगाराकडे धाडायची कल्पना मांडली आणि तिला नावही दिले. जगाला ती पटायला जवळजवळ पन्नास वर्षे आणि एक साथ लागली. २०२० साली ती आमच्या दोन खोल्या आणि हॉलमध्ये येऊन दाखल झाली.

घरात माणसे पाच. चिरंजीव एका कंपनीत, सूनबाई कॉलेजात शिकवणारी, नात तिसरीत, सौ. स्वयंपाकघरात आणि मी निवृत्त. लिहायचे टेबल एक. त्याच्यासमोर एक लाकूड वाकवून केलेली खुर्ची, एका इराण्याने हॉटेल बंद केले तेव्हा मी घेतलेली. पहिल्याच सकाळी ते टेबल आणि ती खुर्ची चिरंजीवांकडे गेली. कोणी दिली नाही, कोणी मागितली नाही. हा निर्णय वाड्यांच्या काळापासून घेतलेलाच होता. आमच्याकडे त्याची फक्त अंमलबजावणी झाली. नात गॅलरीच्या उंबऱ्यात बसली. सूनबाई आधी पलंगावर मांडीत उशी घेऊन शिकवू लागली, मग इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून, मग जमिनीवर भिंतीला टेकून. या नव्या यंत्राची रचनाच अशी की, पडदा आणि अक्षरांची पट्टी एकाच बिजागरीला जखडलेली. पडदा डोळ्यांसमोर आणावा तर मनगटे वर लटकतात, मनगटे सुखी ठेवावीत तर मान खाली जाते. म्हणजे माझ्या कचेरीसारखेच. एकाचे भले करायचे तर दुसऱ्याची मान मोडायची.

पंधरा दिवसांत तिची मान धरली आणि मनगट दुखू लागले. डॉक्टरांनी फोनवरच विचारपूस केली. रामाझ्झिनीची पुण्याई अजून शिल्लक असावी, कारण त्यांनी विचारले, “काम काय करता?”

“शिकवते. सहा तास.”

“कुठे बसून?”

ती म्हणाली, “जिथे जागा होईल तिथे.”

तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितले नव्हते. पत्ता सांगावा तसे सांगितले. त्यामुळेच ते घरात सगळ्यांना ऐकू गेले.

सौ.ने कणीक मळताना अर्गोनॉमिक्स हा शब्द कधी उच्चारलेला नाही. पण त्या संध्याकाळी पिठाचे हात पुसत ती हॉलमध्ये आली आणि चिरंजीवांना म्हणाली, “अरे, तू दिवसातून दोनदा बोलतोस, आणि बाकीचा वेळ कान लावून नुसता ऐकत असतोस. ऐकायला टेबल कशाला लागतं? ती सहा तास बोलते, लिहिते, मुलांचे पेपर तपासते. ऊठ.”

चिरंजीव उठले. त्याने वाद घातला नाही हे त्याचे शहाणपण. तो इस्त्रीच्या टेबलाशी उभा राहून ऐकू लागला. पुढे वाचनात आले की, उभ्याने काम करणे परदेशात चैनीचे समजतात आणि त्यासाठी वरखाली होणारी महागडी टेबले मिळतात. ते कळल्यापासून तो जास्त ताठ उभा राहतो.

मग सूनबाईची जागा शास्त्रशुद्ध मांडण्यात आली. दुकाने बंद, तेव्हा सगळे घरातलेच. यंत्राखाली मराठी विश्वकोशाचे दोन खंड घातले, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली. पहिला खंड १९७६ साली निघाला तेव्हापासून मी ते जमवतो आहे. इतका प्रत्यक्ष उपयोग आजवर झाला नव्हता. माळ्यावरच्या मोडक्या संगणकाची पट्टी खाली आणून निराळी जोडली, म्हणजे कोपर काटकोनात आले आणि मनगट सरळ झाले. खुर्ची तिला जरा उंच होती, पाय अधांतरी लोंबत. तेव्हा पायाखाली पाट दिला. लग्नात ती त्याच पाटावर बसली होती. टेबल खिडकीला काटकोनात फिरवले, म्हणजे उजेड बाजूने यावा, पडद्यावर चकाकू नये. आणि नातीला आजोबांचे उतरते डेस्क काढून दिले. जमिनीवर बसून ती त्याच्यावर शुद्धलेखन लिहू लागली, घटकाभर मांडी, घटकाभर गुडघा, आणि बेरीज चुकली की आडवी. रक्तातून काय काय उतरते पाहा.

महिनाभरात मान सुटली. सगळा खर्च शून्य. तेव्हा मला आमच्या कचेरीतल्या खुर्च्यांचे गणित पुन्हा आठवले. हुद्दा बघून जागा वाटली की पाठी मोडतात, काम बघून वाटली की माणसे बसतात. हे कळायला आमच्या खात्याला एकतीस वर्षे पुरली नाहीत. कणकेच्या एका गोळ्याएवढ्या वेळात ते आमच्या घरी झाले.

पण ज्या बाईने न्याय केला तिच्या जागेचे काय? घरून काम करण्याची सर्वांत मोठी सेवाज्येष्ठता तिचीच. आणि तिच्यासारख्या कितीतरी. १९५९ साली १५ मार्चला गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. ती आजची ‘लिज्जत’. तेव्हापासून कितीतरी जणी सकाळी केंद्रातून भिजवलेले पीठ नेतात आणि लाटलेले पापड आणून देतात. सोलापूरकडे घरोघर बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. जॅक नाइल्सला कल्पना सुचायच्या आधीपासून हे चालू आहे. पण त्यांच्या पाठीची मापे घ्यायला कोणी गेल्याचे दिसत नाही.

आमच्या स्वयंपाकघराचा ओटा बांधला तेव्हा गवंड्याने उंची ठरवली ती स्वतःच्या कमरेवरून. गवंडी सहा फुटी होता. जर्मनीत १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या बाईने फ्रँकफुर्टच्या नव्या घरांसाठी स्वयंपाकघर आखले. तसली हजारो झाली. तिने पावले मोजली, हात किती लांब जातो ते पाहिले, खणांना नावे दिली आणि एक बसायचे फिरते स्टूलही ठेवले. गंमत म्हणजे या बाईला स्वयंपाक येत नव्हता, असे तिनेच सांगितले आहे. पण स्वयंपाक करणारीला बसावेसे वाटते, एवढे तिला येत होते.

जूनमध्ये दुकाने उघडल्यावर चिरंजीवांनी तसे एक उंच स्टूल आणले. सौ.ने ते ओट्याशी ठेवले आणि त्याच्यावर तांदळाचा डबा ठेवला. आठवडाभर डबा ऐटीत बसला होता. आमच्या भाषेने पुरुषाच्या कामाला ‘बैठक’ म्हटले आहे. बाईच्या कामाला तिने जो शब्द दिला तो ‘उठबस’. तज्ज्ञ म्हणतात, दर अर्ध्या तासाने उठावे. त्यातले उठणे तिचे कधीच चुकले नव्हते. बसणे तेवढे राहिले होते.

एका दुपारी मी पाणी प्यायला आत गेलो, तर डबा खाली होता आणि ती स्टुलावर बसून मेथी निवडत होती. पाय खालच्या दांडीवर, पाठ सरळ, कोपर काटकोनात. मला पाहून ती उठायला लागली.

मी म्हटले, “बस.”